सॅकला बांधलेला शिंपला

पुण्यापासून पालखीबरोबर सासवडपर्यंत चालायचं, फोटो काढायचे आणि एसटीने घर गाठायचं, अशा अर्ध्या वारकऱ्यांची मी कॉलेजात असताना फार टिंगल केली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मीही तेच केलं. फ्रान्सच्या सीमेवरून निघून उत्तर स्पेन तुडवत सांतियागोला जाणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट जवळजवळ ७८० किलोमीटरची. म्युनिकच्या ऑफिसातून मिळालेल्या रजेत त्यातले लोग्रोन्यो ते बुर्गोस एवढे १२० बसले.

लोग्रोन्योत यात्रेकरूंच्या पाणवठ्याजवळच संत सांतियागोचं चर्च आहे. दरवाजाच्या वर पाहिलं आणि थबकलोच. घोड्यावर स्वार संत, हातात तलवार, टापांखाली पडलेले मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचे मुसलमान. या रूपाचं नावच 'मातामोरोस', मूरांना मारणारा. आपला विठोबा कमरेवर हात ठेवून नुसता उभा असतो. त्याची सवय झालेल्या माणसाला हे जड गेलं.

दिवसभर द्राक्षमळे. काढणी चालू होती. ओळींमध्ये वाकलेली माणसं बहुतेक उत्तर आफ्रिकेतली, काही त्याहून दक्षिणेकडची. माझ्या सॅकला यात्रेकरूचा शिंपला बांधलेला, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक म्हातारा हात उंचावून 'बुएन कामीनो', म्हणजे शुभ यात्रा, म्हणे. आपल्या 'माउली'सारखंच ते, कोणालाही म्हणता येतं.

रात्री आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, वरच्या खाटेवर पडून मोबाइलवर सेर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोटे' कादंबरीचा दुसरा भाग वाचायचो. १६१५ चं पुस्तक. त्यातल्या ५४व्या प्रकरणात डॉन किहोटेचा सेवक सांचो गाढवावरून चाललेला असतो. वाटेत जर्मन यात्रेकरूंची टोळी हात पसरते. तो अर्धा पाव आणि अर्धं चीज देतो, पण त्यांना हवे असतात पैसे. तेवढ्यात त्यांच्यातला एक सांचोला मिठीच मारतो. हा रिकोते, त्याच्याच गावचा दुकानदार! मग गवतावर पंगत बसते. पाव, अक्रोड, चीज, चघळायला हॅमची हाडं आणि प्रत्येकाला वाइनची पखाल. रिकोते मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशातला. १६०९ ते १६१४ या काळात अशा सुमारे ३ लाख माणसांना स्पेनने हाकललं. आतून अजून मुसलमानच आहेत, तुर्कांना फितूर आहेत, असा आरोप. रिकोतेने जर्मनीत आउग्सबुर्गजवळ घर घेतलंय आणि आता पुरून ठेवलेलं धन काढायला यात्रेकरूच्या वेषात चोरून परतलाय. जिथे जाऊ तिथे स्पेनसाठी रडतो, म्हणतो. आउग्सबुर्ग माझ्या घरापासून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. त्या रात्री झोप उशिरा लागली.

लिहिणारा सेर्व्हान्तेस स्वतः अल्जीयर्समध्ये ५ वर्षं कैदेत राहिलेला. मूरांबद्दल कडू बोलायला त्याला पुरेसं कारण होतं.

एका गावात, नाव नको, सॅक खाटेवर ठेवून चपला घालून पाव-चीज आणायला निघालो. दुकानाजवळ दोन पोलीस मळ्यातल्या तिघांचे कागद तपासत होते. मलाही थांबवलं. गडबडीत पासपोर्टऐवजी यात्रेकरूची शिक्क्यांची पुस्तिका हातात आली. पोलिसाने ती उघडली, दोन पानं चाळली, हसला. "बुएन कामीनो." पासपोर्ट पाहिलाही नाही. ते तिघे भिंतीला टेकून तसेच उभे. रिकोतेने वेष बरोबर निवडला होता.

तोच रिकोते आपल्या हकालपट्टीचं समर्थनही करतो. घरात साप पाळू नये, राजाने बरोबरच केलं, अशा थाटात. हे खरं की सेन्सॉरला दाखवायला, यावर विद्वानांची भांडणं आहेत. मला विचाराल तर यात नवल काही नाही. म्युनिकमध्ये आपल्याच मंडळींच्या जेवणावळीत हे वाक्य मी श्रीखंडाबरोबर ऐकलंय: आपण रीतसर व्हिसावर आलो, ते बोटीतून येणारे वेगळे, त्यांना परत धाडायलाच हवं. मीही मान डोलावली असेल कधी.

त्याच वर्षी जुलैत मुर्सिया प्रांतातल्या तोरे पाचेको गावात एका वयस्कर माणसाला मारहाण झाली आणि मग काही रात्री टोळकी मोरोक्कन दिसेल त्याला शोधत फिरली. त्याच मुर्सियात रिकोते नावाचं खोरं आहे. तिथले मोरिस्को सगळ्यांत शेवटी हाकलले गेले. पात्राचं नाव तिथूनच आलं असावं, असं मानणारे बरेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्याच्या कडेने जाताना एकाने काळ्या द्राक्षांचा घोस पुढे केला. आदल्या संध्याकाळच्या तिघांतला होता का, ओळखता आलं नाही. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. सॅकमधून पाव आणि चीज काढून त्याला दिलं. चीज त्याने ठेवलं. पाव दाबून पाहिला, हसला आणि परत दिला. शिळा झाला होता.