वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा

आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, डोंगरी नदीच्या काठाला. ही नदी पाटणादेवीच्या अंगानं डोंगरातून उतरते आणि चाळीसगावात तितूर नदीला मिळते. उन्हाळ्यात पोरं तिच्या पात्रात क्रिकेट खेळतात, एवढाच तिचा दरारा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे हीच नदी आमच्या गोठ्यात आली.

आदल्या दिवशी गोकुळाष्टमी. रात्री कृष्णजन्म आटोपून उशिरा झोपलो होतो. गावात पाऊस होता, पण घाबरावं असा नव्हता. खरा पाऊस वर कोसळत होता, गौताळा-औट्रम घाटाच्या डोंगरात. त्याच रात्री या औट्रम, म्हणजेच कन्नड घाटात दरड कोसळून महामार्ग बंद पडला. आम्हाला काहीच पत्ता नव्हता. जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पाणी प्यायला उठल्या तर पाय ओले झाले. "पानी उनं वं, पोरेस्ले उचल!" या हाकेनं मी उठले. हे नाशिकला कंपनीत, घरी आप्पा म्हणजे सासरे, जिजी, दीर, मी आणि दोन पोरं.

पोरांना घेऊन आम्ही बायका शेजारच्या स्लॅबवर चढलो. आप्पा आणि दीर गोठ्याकडे पळाले. आप्पा ओरडत होते, "दावं काप रे, सोडत बसू नको." विळा हाताला लागेपर्यंत पाणी कमरेवर गेलं. एक बैल सुटला आणि आपला आपण देवळाच्या चढावर जाऊन उभा राहिला. दुसरा बैल आणि गाय खळ्यामागच्या बाभळीत अडकून मेलेली सापडली. दोन म्हशी आणि पाच बकऱ्या मात्र दिसल्याच नाहीत, ना जिवंत, ना मेलेल्या.

दुपारपर्यंत पाणी ओसरूही लागलं. डोंगराची नदी अशीच, जशी येते तशी जाते. पण सरकारी मदतीच्या नियमांत कपडे आणि भांड्यांची मदत ज्यांचं घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं त्यांच्यासाठी होती. हा नियम मोठ्या नदीकाठच्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून केला असावा. आमच्याकडे पाणी काही तासच राहिलं, चिखल मात्र गुडघाभर. दादर ज्वारीच्या कोठीत पाणी शिरून धान्य फुगलं, जनावरांच्या ढेपीचं पोतं आंबलं, त्या वासानं घरात उभं राहवेना. अतिवृष्टीचंही तसंच. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पाऊस पडला डोंगरावर आणि मोजला जातो खाली मंडळात. आमच्या कागदावर म्हणून आग्रहानं 'पुराचे पाणी शिरून' असं लिहून घेतलं. हे मला एका निवृत्त ग्रामसेवकांनी सुचवलं, फार उपयोगी पडलं.

पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब, कोतवाल आणि पोलीस पाटील आले. गावात घरोघर तेच रडगाणं, त्यामुळे एका घरी जेमतेम चहा होईल एवढा वेळ. मागची मातीची भिंत आणि गोठा लगेच लिहिला. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा गाईच्या कानातला पिवळा बिल्ला चिखलानं भरलेला. जिजींनी पदरानं तो पुसला, बारा आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले आणि डॉक्टरांनी लिहून घेतले. बैलाचंही झालं. मग जेसीबीनं खड्डा करून दोघांना पुरलं.

म्हशींवर गाडी अडली. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "ताई, मेलेलं दाखवा. वाहून गेलेलं कसं लिहू? उद्या कुणीही म्हणेल माझ्या दहा वाहिल्या." बोलणं कडू होतं पण खोटं नव्हतं. गावात एकानं कधी नसलेल्या बकऱ्या सांगितल्याच होत्या. प्रश्न असा, की म्हैस वाहून गेली हे नंतर सिद्ध करायचं. पण ती आपल्याकडे होती हे तरी आधी सिद्ध करता येईल का?

घरातले कागद लगदा झाले होते, म्हणून बाहेर शोधलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात आप्पांच्या नावावर दोन्ही म्हशींच्या बिल्ल्यांचे नंबर निघाले, कारण कृत्रिम रेतनाच्या वेळी नोंद झाली होती. दुसरा कागद डेअरीवर सापडला. त्यांच्या वहीत आमच्या खात्यावर दूध, फॅट, रक्कम, रोज दोन वेळा. ३० ऑगस्टच्या संध्याकाळची नोंद आहे आणि ३१ पासून कोरं. डेअरीवाल्या भाऊंनी त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल दिली. शेजारच्या दोघांनी जबाब दिला. एवढ्यावर दोन्ही म्हशी पंचनाम्यात चढल्या.

बकऱ्या नाही चढल्या. त्यांना बिल्ले नव्हते, दूध घरातच जायचं, साक्षीदार म्हणजे आमचीच पोरं. एका कार्यालयात तर अर्जावरच्या पाच बकऱ्यांच्या जागी शून्य टाकून कागद पुढे गेला. ते दुरुस्त करायला गेले तर म्हणाले, आता यादी वर गेली.

तेव्हाच्या दरानं दुधाळ गाय-म्हशीला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, बकरीला ३,०००. एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं तेव्हा तीनच धरायचे. आमची तेवढीच होती. म्हशीला बाजारात याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात, तरी आले ते उपयोगी पडले. कच्च्या घराच्या पडझडीचे ३,२०० आणि गोठ्याचे २,१००. त्यात मातीच्या भिंतीचा एक कोपराही उभा राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

शेताचं त्रांगडं निराळं. नदीकाठचा तुकडा खरडून गेला, खालचा गाळानं भरला. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ३७,५०० आणि गाळ काढायला १२,२०० असा तेव्हाचा दर, तोही अल्पभूधारकालाच. सातबाऱ्यावर आप्पांसोबत दोन चुलत सासरे, दोघंही सुरतेला. एकाच खात्यावर पैसे घ्यायला सगळ्यांचं संमतीपत्र लागतं. दिवाळीला येतो म्हणाले, तर दीर बसनं सुरतेला जाऊन सह्या घेऊन आले. कपाशीला कैऱ्या लागलेल्या, ती झोपली ती झोपलीच. विम्यासाठी तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं. गावात लाइट नाही, फोन बंद. मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून टेकडीवर जाऊन फोटो चढवले. ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची, ती त्याच १५ ऑगस्टला सुरू झालेली, ती काय हे अर्ध्या गावाला माहीतच नव्हतं. पुढे १३ ऑक्टोबरला सरकारनं जिरायतीला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,००० आणि बहुवार्षिक पिकांना २५,००० जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. आमचे आले ते बँकेनं कर्जाखाली थांबवून ठेवले. ते सोडवायला आप्पांना लेखी अर्ज करावा लागला.

पुरानंतर आठवड्यानं, ६ सप्टेंबरला, पोळा होता. गावात त्या वर्षी वाजंत्री नव्हतं. आमच्या एकट्या बैलाला जिजींनी तरी न्हाऊ घातलं, पुरणपोळी खाऊ घातली.

आता जनावर दारात आलं की मी आधी बिल्ला मारून घेते, बकरीलासुद्धा. मग जनावर, बिल्ला आणि धनी एकत्र दिसतील असा फोटो काढून नाशिकला यांच्या फोनवर पाठवते, घरचा फोन भिजला तरी तो तिकडे राहतो. डेअरीच्या वहीचाही महिन्याला एक. जिजींना जनावरांचे फोटो काढलेले आवडत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून मी ते पोळ्यालाच काढते, सगळी रंगवून सजवून उभी असतात आणि सगळं गावच फोटो काढत असतं, तेव्हा त्या काही बोलत नाहीत.