क्रमांक आणा, मग नोंद शोधू

विशेष विवाह अधिनियम, 1954 नुसार लग्न करायचे म्हटले की लोक सर्वांत आधी नोटिशीच्या तीस दिवसांची चौकशी करतात. आमचे ते तीस दिवस काहीही न घडता गेले. मनस्ताप झाला तो लग्नाला बरीच वर्षे उलटल्यावर, विवाह प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत मागायला गेल्यावर. त्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लग्नाचा भाग थोडक्यात सांगते. वधूवरांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी सलग तीस दिवस वास्तव्य केलेले असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची असते. ती कार्यालयाच्या फलकावर लागते. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिकडेही लागते. तीस दिवसांत वैध हरकत आली नाही की तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लावता येतो. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो लागला पाहिजे, नाहीतर नव्याने नोटीस द्यावी लागते. आम्ही 2009 मध्ये हे सगळे कागदावर केले. आता नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन देता येते. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे नीट होते, साक्षीदार वेळेवर आले, सह्या झाल्या आणि प्रमाणपत्र हातात पडले.

पुढे घर बदलताना ते प्रमाणपत्र गहाळ झाले. परदेशात यजमानांच्या नोकरीसाठी जाण्याची वेळ आली, तेव्हा व्हिसाच्या कागदपत्रांत ते अनिवार्य होते. माझ्याजवळ एक धूसर छायाप्रत होती, पण तिच्यावरचा क्रमांकाचा कोपरा नेमका कापला गेला होता.

जिथे लग्न लागले होते त्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात प्रत मागायला गेले, तर पहिल्याच टेबलावर मला सांगण्यात आले, की विवाह नोंदणी महानगरपालिकेत होते, तिकडे जा. हा गोंधळ इतका सर्रास होतो की येथेच स्पष्ट करते. धार्मिक विधीने लागलेल्या लग्नाची नोंदणी महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली स्थानिक स्वराज्य संस्थांकडे होते. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे. विशेष विवाह अधिनियमाखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लागलेल्या लग्नाचे पुस्तक मात्र विवाह अधिकाऱ्याच्याच कार्यालयात असते. महापालिकेच्या खिडकीवर तासभर उभे राहिल्यावर तिथल्या बाईंनी एका वाक्यात सांगितले, “मॅडम, ही आमच्याकडची नोंद नाही,” आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. ज्यांना स्वतःचे लग्न नक्की कोणत्या कायद्याखाली नोंदले गेले ते आठवत नाही, त्यांनी प्रमाणपत्राच्या डोक्यावरचा मजकूर पाहावा. अधिनियमाचे नाव आणि वर्ष तिथेच छापलेले असते.

परत मूळ कार्यालयात आले, तेव्हा प्रश्न बदलला होता. “विवाह क्रमांक काय?” मी सांगितले की प्रमाणपत्र हरवले आहे आणि क्रमांक त्याच्यावरच होता. “मग क्रमांक आणा, त्याशिवाय नोंद शोधता येत नाही.” किल्ली घरात राहून दार लागले म्हणून कुलूपवाल्याला बोलवावे आणि त्याने आधी किल्ली दाखवा म्हणावे, तसला हा प्रकार. मी विवाहाची तारीख दिली, दोघांची लग्नाच्या वेळची संपूर्ण नावे दिली, वडिलांची नावे दिली, तिन्ही साक्षीदारांची नावेसुद्धा दिली; उत्तरात तीच ओळ आली. नंतरच्या खेपेला पोलिसांकडची गहाळ तक्रार मागण्यात आली. ती विनासायास मिळाली आणि तिच्यावर मोठ्या समाधानाने पेन्सिलीची टीप मारून फाइलमध्ये लावण्यात आली, पण नोंद त्यामुळे तसूभरही जवळ आली नाही. साहेब रजेवर, साहेब बैठकीला, संबंधित लिपिक दुसऱ्या शाखेत, हा क्रम अधूनमधून चालूच होता. बाहेरच्या झाडाखाली बसणाऱ्या एका मध्यस्थाने “दोन दिवसांत काढून देतो” असे सांगितले आणि त्या बदल्यात जी रक्कम सुचवली, तिच्यामुळे माझा राग पुन्हा ताजा झाला.

या टप्प्यावर मी तोंडी बोलणे थांबवले आणि अधिनियम वाचायला बसले. तो वाचणे कंटाळवाणे नाही, आणि विवाहाच्या नोंदीपुरती कामाची कलमे मोजकीच आहेत. कलम 13 सांगते, की विवाह लागल्यावर विवाह अधिकारी प्रमाणपत्राची नोंद स्वतःजवळच्या विवाह प्रमाणपत्र पुस्तकात करतो, तिच्यावर वधूवर आणि तीन साक्षीदार सह्या करतात, आणि ती नोंद हा विवाह झाल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे खरी वस्तू कार्यालयातल्या पुस्तकात आहे. माझा हरवलेला कागद तिच्यावरून निघाला होता आणि तसा दुसरा निघू शकतो. कलम 47 त्याहून उपयोगाचे आहे. हे पुस्तक सर्व वाजवी वेळी पाहण्यासाठी खुले असले पाहिजे, आणि अर्ज केल्यावर व विहित फी भरल्यावर विवाह अधिकाऱ्याने अर्जदाराला त्यातील नोंदीचा प्रमाणित उतारा दिला पाहिजे, असे ते म्हणते. अर्जदाराने क्रमांक आणलाच पाहिजे, अशी अट त्या कलमात नाही. कलम 48 नुसार विवाह अधिकाऱ्याने या पुस्तकातील नोंदींच्या खऱ्या प्रती ठरावीक काळाने राज्याच्या जन्म, मृत्यू व विवाह महानिबंधकाकडे पाठवायच्या असतात. कार्यालयातले पुस्तक खरोखरच सापडत नसेल, तर नोंदीची प्रत दुसरीकडे असायला हवी, हा मुद्दा अर्जात लिहिण्यासारखा आहे.

मग मी लेखी अर्ज केला. त्यात तक्रारीचा सूर मुद्दाम ठेवला नाही. विवाहाची तारीख, नावे आणि साक्षीदार दिल्यानंतर दोन मागण्या वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या: कलम 47 नुसार अमुक तारखेच्या आसपासच्या नोंदी पाहू द्याव्यात, आणि नोंद सापडताच प्रमाणित प्रत द्यावी, पुस्तक उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे आणि कलम 48 खाली पाठवलेल्या प्रतीचा तपशील द्यावा. अर्ज आवक शाखेत दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. “टेबलावर ठेवून जा” हे वाक्य ऐकले तर टेबलावर काहीही ठेवू नये. आवक क्रमांक नसलेला कागद कार्यालयाच्या दृष्टीने आलेलाच नसतो. माहिती अधिकाराचा अर्जही मी तयार ठेवला होता, कारण त्याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक असते, पण तो द्यावा लागला नाही.

“पुस्तक उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे” हे वाक्य कामाला आले, असे माझे ठाम मत आहे. पुस्तक हरवले आहे असे स्वतःच्या सहीने लिहून द्यायला कुणीच तयार नसते. काही दिवसांनी मला बोलावणे आले आणि अभिलेख कक्षातून आणलेली जाडजूड पुस्तके एका बाकावर ठेवलेली दिसली. शिपाईदादांनी धूळ झटकून दिली आणि स्वतःहून खुर्ची आणली. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्यांच्याइतके सौजन्य मला कुणी दाखवले नाही.

क्रमांकाशिवाय शोध का अडला होता, ते पाने उलटताना कळले. पुस्तक जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपत नाही; पाने भरली की नवे सुरू होते. पुठ्ठ्यावर मात्र एकच वर्ष लिहिलेले होते, आणि आमची नोंद आधीच्या वर्षाच्या पुठ्ठ्याखाली होती. शिवाय मागे जोडलेली अक्षरवार सूची वराच्या पहिल्या नावाने केलेली होती, तर लिपिक इतके दिवस आडनावाने आणि तेही माझ्या “लग्नानंतरच्या” आडनावाने शोधत होते. मी नाव बदललेले नाही, हे मी सांगितले होते. परंतु बाईचे नाव बदललेलेच असणार असे त्यांनी गृहीत धरले होते. नोंदी तारखेच्या क्रमाने असल्यामुळे योग्य पुस्तक हातात आल्यावर आमचे पान सापडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. पानावर निळ्या शाईतल्या आमच्या सह्या होत्या, माझ्या मावशीची थरथरती सही होती, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात तो सुप्रसिद्ध क्रमांक होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. एवढे समाधान मी स्वतःला मिळू दिले.

फी चलनाने भरली, ती अगदी किरकोळ होती. मात्र प्रत टंकलिखित होऊन आली तेव्हा तिच्यात माझ्या वडिलांच्या नावातली एक वेलांटी चुकली होती. सहीशिक्का होण्याआधी टंकलिखित मसुदा मूळ पानाशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी; सहीनंतर तीच दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज. चूक मूळ पुस्तकातच असेल तर प्रकार वेगळा असतो. कलम 49 नुसार अशी चूक आढळल्यापासून एक महिन्याच्या आत विवाह अधिकारी ती वधूवरांच्या समक्ष दुरुस्त करू शकतो. मूळ मजकुराला हात न लावता समासात दुरुस्ती लिहून, सही करून, तारीख घालायची असते. खाडाखोड केलेली नोंद कुणी “दुरुस्त केली” म्हणून दाखवत असेल तर ती स्वीकारू नये.

वर सांगायचे राहिले, ते असे, की विवाह नोटीस पुस्तक आणि विवाह प्रमाणपत्र पुस्तक ही दोन वेगळी पुस्तके आहेत आणि त्यांचे क्रमांकही वेगळे असतात. ज्यांच्याकडे जुनी नोटिशीची पावती आहे, त्यांनी तिच्यावरचा क्रमांक विवाह क्रमांक म्हणून देऊ नये. त्याने लिपिकाला चुकीच्या पुस्तकात पाठवल्यासारखे होते. नोटीस पुस्तक तर कुणालाही विनाशुल्क पाहता येते, त्यामुळे तारखेबद्दलच शंका असेल तर शोध तिथून सुरू करता येतो.

प्रती एकाच वेळी जास्त मागाव्यात, कारण एक प्रत परदेशी कामासाठी अडकते आणि दुसरी पासपोर्टसाठी लागते. ज्यांना कागद परदेशात द्यायचा आहे त्यांनी तो देश अपोस्टिल (सरकारी कागद खरा असल्याची आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेली ग्वाही) मानणाऱ्यांपैकी आहे का हे आधी पाहावे. भारतात अपोस्टिल 2005 पासून लागू आहे आणि ते परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळते. परंतु त्याआधी राज्य पातळीवरचे साक्षांकन लागते. त्यासाठी प्रतीवर विवाह अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शिक्का स्पष्ट वाचता आला पाहिजे. माझ्या पहिल्या प्रतीवरचा शिक्का पुसट उमटला होता, तो मी तिथल्या तिथे पुन्हा मारून घेतला. प्रतीला प्लास्टिकचे आवरण लावू नका, साक्षांकनाच्या वेळी ते अडचणीचे ठरते.