बिननंबरचा ट्रान्झिस्टर

सायन्सच्या सरांच्या कपाटात एक पत्र्याचा डबा असायचा. रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी टाकून दिलेले ट्रान्झिस्टर, म्हणजे करंट वाढवणारे तीन पायांचे बारके पार्ट, त्यात भरलेले, निम्म्यांचे नंबर पुसलेले. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं-चौघं मागं थांबायचो. सर त्यातला एक काढून हातावर ठेवायचे, "सांग लगा, हा कुणाच्या घरचा?"

मीटर काट्याचा. ओहमच्या, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या, रेंजवर त्याच्या काळ्या वायरीला प्लस येतो आणि लालला मायनस, हे सरांनी आधी डोक्यात बसवलं. ट्रान्झिस्टरच्या जाती दोन, एनपीएन आणि पीएनपी, प्लस-मायनसला एकमेकींच्या उलट. वायरीत चुकलं की पोरगं एनपीएनला पीएनपी म्हणून मोकळं! मग पायांच्या जोड्या लावून बघायच्या. एक वायर ज्या पायावर तशीच ठेवून उरलेल्या दोन्हींकडे काटा हलतो, तो बेस. बाकीचे दोन कलेक्टर आणि एमिटर; बेसला दिलेला बारका करंट त्या दोघांमधला मोठा करंट चालवतो. बेसवर काळी असेल तर एनपीएन, लाल असेल तर पीएनपी. सगळ्यात वरच्या रेंजला मात्र हात लावायची बंदी. तिथं मीटर जास्त व्होल्टची बॅटरी वापरतो आणि बेस-एमिटर जंक्शन, म्हणजे त्या दोघांमधला आतला जोड, उलट्या दिशेनं ५-७ व्होल्टच्या वर टिकत नाही.

खरी गंमत पुढं होती. एनपीएनच्या उरलेल्या दोन पायांतला एक कलेक्टर धरून त्याला काळी लावायची, दुसऱ्याला लाल. मग थुंकी लावलेलं बोट बेस आणि त्या धरलेल्या कलेक्टरवर एकदम टेकवायचं. वायरींची अदलाबदल करून पुन्हा तेच. ज्या वेळी काटा जास्त पळेल, तो अंदाज बरोबर. उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर गेन, म्हणजे करंटची वाढ, फारशी देत नाही. बोटातून जातो तो करंट केवढासा, आणि काटा बघावा तर अर्ध्यावर! 'अॅम्प्लिफिकेशन'ची व्याख्या त्याआधी वहीत तीनदा उतरवून झाली होती, कळली ती तिथं.

पायांचा क्रम पाठ करायला सरांचा विरोधच. बीसी५४७ नंबरचा ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली असा धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला हुबेहूब तसाच २एन३९०४, त्याचा क्रम नेमका उलटा.

आता उद्यमनगरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मशीनच्या पॅनेलमधली कार्डं, म्हणजे सर्किटच्या पाट्या, येतात, काहींवरच्या पार्टांचे नंबर बनवणाऱ्यानंच घासून टाकलेले. डिजिटल मीटरला लाल वायर प्लस. डायोडच्या खुणेच्या रेंजवर सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, जुना जर्मेनियमचा ०.२-०.३. बेसपासून एमिटरकडचा आकडा कलेक्टरकडच्यापेक्षा किंचित जास्त येतो, तेवढ्यावर पाय ओळखता येतात. हल्ली तीन पाय खोचले की सगळं स्क्रीनवर सांगणारा टेस्टरही मिळतो. मीही घेतलाय, लपवायचं काय त्यात? दुकानातली पोरं मात्र ट्रान्झिस्टर न काढता तो थेट कार्डावरच लावतात, आणि मग तो काय वाट्टेल ते सांगतो.