मूठ उघडेना, आधार होईना

दिव्यांग प्रमाणपत्र काढायला निघालो आणि अडलो आधारवर. माझ्या लेकीला, चिमीला, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. उजव्या हाताची मूठ सतत आवळलेली, त्यातून अनोळखी माणूस दिसला की आणखी घट्ट. पाच वर्षं झाल्यावर आधारला बोटांचे ठसे द्यावेच लागतात. मी अंगठा सोडवला की करंगळी मिटायची, तळहाताला घाम, मशीन लाल. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "ताई, हात मोकळा झाला की आणा." म्हणजे कधी?

तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी दुसऱ्या केंद्रावर गेले, तिथल्या बाईंनी एका मिनिटात सांगितलं की न उमटणाऱ्या बोटांपुढे अपवाद नोंदवता येतो. डाव्या हाताचे ठसे घेतले, दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असा फोटो काढला. झालं!

मग सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरला. सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीचं डॉक्टरांचं बोर्ड बुधवारी. पहाटेची एसटी, चिमी कडेवर, हे फाईल घेऊन मागे. दोन बुधवार गेले. दिव्यांगत्व 65 टक्के लागलं, पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. 40 किंवा त्याच्या वर असलं की बऱ्याच सवलती मिळतात, त्यामुळे तो आकडा ऐकून हायसं वाटलं. लेकीचं अपंगत्व जास्त निघालं म्हणून हायसं वाटावं, ह्याची रात्री लाजही वाटली.

पहिलीच्या प्रवेशाला मुख्याध्यापक गोड बोलले, "तिला विशेष शाळेतच जास्त बरं पडेल." ती शाळा जिल्ह्याच्या गावी. गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातल्या विशेष शिक्षिका मॅडमना विचारलं, तर त्यांनी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 काढून दाखवलं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि ही निवड मुलाची. शाळेची नाही. मी अर्जात ते कलम लिहिलं, अर्ज दोन प्रतींत दिला आणि माझ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. तोंडी मिळालेला नकार पुढे कुठेच दाखवता येत नाही.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेमधून दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, वर्षातले दहा महिने, प्रोत्साहन भत्ता असतो. त्यासाठी खातं, आधार जोडणी, पुन्हा झेरॉक्स. आमच्या एसटीच्या खेपांचाच खर्च त्याहून जास्त झाला असेल. पण त्याच योजनेतल्या मॅडम आठवड्यातून एकदा वर्गात येतात, त्याची किंमत मला करता येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पेन्सिलीवर चढवला. जाड झाली, घसरेना. चिमीने डाव्या हाताने उभी रेघ ओढली, वहीबाहेर पार बाकावर गेली. बाक पुसायला मी कुणाला दिला नाही.

प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, पाच वर्षांचं. तेव्हा ती अकरा वर्षांची असेल आणि कडेवर मावणार नाही. एसटीच्या पायऱ्यांचं काय करायचं, ते ह्यांना आत्तापासून विचारून ठेवलंय.