सोपे शब्दच जड जातात

पालकांची तक्रार ठरलेली असते. "टीचर, मराठीतले सायन्सचे शब्द फार जड आहेत हो, सेमीलाच टाकायला हवं होतं." मी कळव्यात घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. त्याआधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तंतुकणिका, रिक्तिका, प्रकाशसंश्लेषण यांच्यापाशी मुलं फारशी अडत नाहीत, हे मी रोज बघते. तंतुकणिका हा शब्द त्यांनी आधी कुठेच ऐकलेला नसतो. तो पेशीतल्या त्या एका भागाला चिकटतो आणि तिथेच राहतो. मुलं अडतात ती शुद्ध, काम, वजन, प्राणी असल्या शब्दांपाशी. हे शब्द घरून आलेले असतात आणि घरचा अर्थ सोडायला तयार नसतात.

आठवीत द्रव्याचं वर्गीकरण येतं: मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. दूध हे मिश्रण, असं मी म्हटलं आणि एक मुलगा तडक उभा राहिला. त्याच्या वडिलांचा दुधाचा धंदा आहे. "टीचर, आमच्या दुधात काहीच मिसळत नाय." त्याचा चेहरा लाल झाला होता. बाकीची पोरं हसायला लागल्यावर तर प्रकरण आणखी चिघळलं. मी शास्त्र सांगत होते आणि त्याच्या कानावर घरावरचा आरोप पडत होता. मिश्रण म्हणजे भेसळ, भेसळ नाही ते शुद्ध, हा बाजाराचा हिशेब. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकाच प्रकारचा पदार्थ. गाईच्या सडातून आत्ता काढलेल्या धारोष्ण दुधातही पाणी, मेद, प्रथिनं, लॅक्टोज, खनिजं असतातच, त्यात गवळ्याचा काय दोष? ते कलिल आहे, म्हणजे मिश्रणाचाच एक प्रकार. "शुद्ध तूप" लिहिलेल्या डब्यातही रसायनशास्त्राला मिश्रणच दिसतं.

इथे मला कारखान्याचा उपयोग होतो. तिथे कुणी नुसतं "शुद्ध" म्हणत नसे. विचारायचे, किती? बाटलीच्या लेबलवर ९९.५ टक्के असेल तर उरलेल्यात काय काय असू शकतं, तेही खाली छापलेलं असायचं: लोह जास्तीत जास्त इतकं, क्लोराइड जास्तीत जास्त इतकं. मी आता वर्गात तशी एक जुनी रिकामी बाटली ठेवली आहे. शुद्धतेला टक्केवारी असते हे बघितलं की मुलं वाद घालायचं सोडून लेबल वाचत बसतात.

'प्राणी'ची गंमत वेगळी. खाडीकाठच्या गावांमधली आगरी-कोळी मुलं माझ्याकडे येतात. निवटी ही मासळी चिखलावर कशी चालते, खेकडा कुठल्या बिळात असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. पण निवटी प्राणी का, विचारलं तर उत्तर येतं, "नाय, ते म्हावरं." चिमणी पक्षी, डास किडा, माणूस तर माणूसच. प्राणी म्हणजे चार पायांचा आणि अंगावर केस असलेला. यात मुलांना कमी कळतं असं मला वाटत नाही. त्यांची वर्गवारी जाळं आणि बाजार यांच्या कामाची आहे, पुस्तकातली वेगळ्या कामाची. दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर लिहिल्या की झालं.

सगळ्यात जास्त वेळ नववीतलं 'कार्य', म्हणजे मुलांच्या लेखी 'काम', खातं. दहा किलो तांदळाची पिशवी नऊ मीटर वर, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावर नेली, तर गुरुत्वाविरुद्ध कार्य झालं १० × ९.८ × ९, म्हणजे ८८२ जूल. हे मुलांना पटतं, कारण आमच्याकडच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पण तीच पिशवी धरून ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत नुसतं उभं राहिलं तर पिशवीवर कार्य शून्य? "मग हात का दुखतो?" प्रश्न रास्त आहे, आणि "सूत्रात तसं येतं" हे त्याचं उत्तर नव्हे. हात दुखतो, कारण स्नायू ताणलेला ठेवायलाही त्यातले तंतू सतत आकुंचन पावत राहतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. ती पिशवीला मिळत नाही, तिची उष्णता होते. दमणं शरीराचं, कार्य पिशवीवरचं. शाळेत हे सांगायला वेळ मिळत नाही, आणि मुलं सूत्रातलं 'कॉस ९० बरोबर शून्य' (हाताचा जोर वर, गाडीची चाल आडवी, मधला कोन ९० अंश) पाठ करून मोकळी होतात.

सेमीची मुलं 'वर्क' म्हणतात तेव्हा ती या भांडणात पडतच नाहीत. वर्क शून्य? बरं, शून्य. हात दुखल्याची आठवणही कुणाला होत नाही. पालकांना हे सोपं गेल्यासारखं वाटतं, मला ते नुसतं गुळगुळीत वाटतं. शिवाय घड्याळातला सेल, शरीरातला सेल आणि दुकानातला सेल यांचा गोंधळ त्यांच्या वाट्याला येतोच. मराठीत विद्युतघट आणि पेशी वेगळे आहेत, याचं श्रेय कुणी देत नाही!

ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉनस्टन या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात शाळकरी मुलांचं हेच तपासलं होतं. विज्ञानाच्या वाक्यात रोजच्या वापरातले साधे शब्द आले की मुलं भलताच, कधी कधी तर उलटा अर्थ घेत होती. तेही इंग्रजीत. आपल्याकडे आता मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांमध्ये काम केलं, आणि पुस्तकाची भाषा हाच मुलांपुढचा मोठा अडथळा असतो, हे मांडलं. वाशीहून मानखुर्द खाडीपुलापलीकडचं पहिलंच स्टेशन. तिथलं हे म्हणणं आमच्या बाजूच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत अजून आलेलं दिसत नाही.

कारण उदाहरणांमध्ये 'अनुक्रमे' आहेच. "अ आणि ब या वस्तूंची वस्तुमाने अनुक्रमे २ किग्रॅ व ३ किग्रॅ असून..." हुशार मुलगी, सूत्र येतं, आकडेमोड येते, आणि ती दोन्ही वस्तुमानांची बेरीज करून बसते. तो शब्द तिला घरी, गल्लीत, मोबाइलवर कुठेच भेटलेला नसतो. तंतुकणिकेसारखा तो कुणी शिकवतही नाही, कारण विज्ञानाच्या शब्दांच्या यादीत तो नाही आणि मराठीच्या तासाला त्याची गरज पडत नाही. 'याउलट', 'समप्रमाणात', 'नगण्य' हेही त्याच जातीचे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांना मी सांगत असते, सरळ लिहा की अ चं वस्तुमान २ किग्रॅ आहे आणि ब चं ३ किग्रॅ. ते म्हणतात, ओळ वाढते. वाढू दे की.