डब्यात गेलेला पोलिसपट बाहेर काढताना

हिंदीतली प्रेमकथा पाच वर्षं डब्यात पडून राहिली तर फार तर कपड्यांची फॅशन जुनी दिसते. पोलीस आणि दहशतवाद हा विषय असेल तर तेवढ्याच काळात जवळजवळ सगळंच शिळं होतं. कलमं, नोटा, टॅक्स्या, स्टेशनांची नावं, तपास यंत्रणा, सगळं. असा सिनेमा कायद्यावर आणि रस्त्यावर उभा असतो आणि या दोन्ही गोष्टी निर्मात्यासाठी थांबत नाहीत. म्हणून रखडलेला पोलिसपट पुरा करायला घेतला की पहिला प्रश्न पैशांचा नसतो. गोष्ट कोणत्या साली घडते हे पडद्यावर लिहायचं की नाही, हा पहिला प्रश्न. माझं मत ठाम आहे: लिहायचंच.

दोन ठळक उदाहरणं बघा. 'सूर्यवंशी' तयार होता. ट्रेलर २ मार्च २०२० ला आला, खेळ २४ मार्चच्या संध्याकाळपासून लावायचे ठरले आणि कोविडने थिएटरं बंद पाडली. नंतरची ३० एप्रिल २०२१ ही तारीखही हुकली. महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने उघडली आणि सिनेमा ५ नोव्हेंबरला, दिवाळीत लागला. दीड वर्षाहून जास्त उशीर, पण सिनेमा हातात पुरा होता. शूटिंग अर्धवट सोडलेल्या सिनेमाच्या मानाने हे दुखणं हलकं.

'ब्लॅक फ्रायडे'ची अडचण वेगळी. तो १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, ज्यांत २५७ माणसं मेली. त्या खटल्याचा निकाल बाकी असताना सिनेमा लागला तर आरोपींच्या न्याय्य सुनावणीवर परिणाम होईल, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मधलं प्रदर्शन रोखलं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये निकाल वाचायला सुरुवात केली आणि सिनेमा ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. दोन वर्षं गेली, तरी त्यातलं काहीच जुनं वाटलं नाही, कारण तो पहिल्यापासूनच १९९३ चा होता आणि तारखा पडद्यावर होत्या. 'आजची गोष्ट' म्हणून शूट केलेल्या सिनेमाला हे संरक्षण मिळत नाही.

आता डबा उघडू या. फायनान्सर पैसे देताना लॅबकडून पत्र घेतो की या सिनेमाच्या निगेटिव्हवर त्याचा हक्क आहे. हे लॅब लेटर. त्याची ना हरकत मिळाल्याशिवाय लॅब माल सोडत नाही. निगेटिव्ह गेलं, हार्ड डिस्क आली, तरी व्यवहाराची रीत तीच राहिली. समजा दहा कोटी दरमहा दोन टक्क्यांनी घेतले. महिन्याला वीस लाख व्याज, तीन वर्षांत सात कोटी वीस लाख, तेही चक्रवाढ न धरता. शिवाय कलाकार-तंत्रज्ञांची थकबाकी असेल तर त्यांच्या संघटना असहकार पुकारतात आणि उरलेल्या चार दिवसांच्या शूटिंगला लाइटमनसुद्धा मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी थकबाकीची लेखी यादी, मग फायनान्सरशी तडजोड, मग सार्वजनिक सूचना देऊन हक्क मोकळे असल्याची खात्री, आणि त्यानंतरच वितरकाशी बोलणी. उलट्या क्रमाने गेलं की प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, गुरुवारी, कोणीतरी दावा घेऊन उभा राहतो. डिजिटल प्रिंट कुलूपबंद असते. तिची किल्ली प्रत्येक थिएटरच्या सर्व्हरसाठी वेगळी बनते आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. ना हरकत रात्री दोन वाजता आली तर सकाळचे खेळ हमखास बुडतात.

मालाची अवस्था तपासायलाही उशीर करू नये. २००८-१० च्या सुमाराचा सिनेमा बहुधा ३५ मिलिमीटरवर असतो. हजार फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. ते रीळ ताबडतोब बाजूला काढायचं, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते, आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्याचाच लावायचा. डिजिटलवर शूट केलं म्हणून निर्धास्त राहू नका. बरीच वर्षं न फिरवलेली हार्ड डिस्क सुरूच होत नाही असं होतं. एलटीओ टेपवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय फितीवर, माल असेल तर टेपची पिढी बघा. आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातव्या आणि आठव्या पिढीची टेप वाचतो, पाचवीची नाही. त्या काळात बरंच संकलन फायनल कट प्रो ७ या सॉफ्टवेअरवर होत असे. २०११ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ते प्रोजेक्ट थेट उघडत नाहीत. जुना संगणक शोधायचा, प्रोजेक्ट एक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा फाइलमध्ये, काढायचा आणि मगच पुढे सरकायचं. ही वाट माहीत नसेल तर संकलन पहिल्या शॉटपासून पुन्हा करावं लागतं.

सर्वांत नाजूक काम पॅचवर्कचं, म्हणजे राहिलेले शॉट नव्याने घेऊन जुन्यांना जोडण्याचं. नायक दार ढकलतो तो शॉट जुना, आत येतो तो नवा, मध्ये सहा वर्षं. वजन आणि केस सगळ्यांच्या लक्षात येतात, त्यामुळे तिथे काळजी घेतली जाते. घोटाळा होतो खांद्यावर. तीन तारे आणि खाली लाल-निळी फीत म्हणजे पोलीस निरीक्षक. तीनच तारे, फीत नाही, म्हणजे सहायक आयुक्त. ड्रेसवाला नवा गणवेश आणताना फीत विसरला, तर दाराबाहेरचा निरीक्षक आत येईपर्यंत एका हुद्द्याने वर चढतो. पोलिसांच्या घरातला प्रेक्षक हे पहिल्या सेकंदाला पकडतो आणि पुढचा सगळा सिनेमा त्याच्यासाठी खोटा होतो. म्हणून जुन्या फुटेजमधून खांदा, छातीवरची नावपट्टी, बेल्टचं बकल आणि पिस्तुलाचं म्यान कोणत्या बाजूला, यांच्या स्थिर चौकटी काढून छापायच्या आणि सेटवर ड्रेसवाल्याच्या हातात द्यायच्या. हत्यारांचंही तसंच. जुन्या शॉटमध्ये शिपायाच्या हातात पॉइंट थ्री-नॉट-थ्री ही जुनी रायफल असेल आणि पुढच्या शॉटमध्ये एमपी-५ ही आधुनिक सबमशीनगन आली, तर पाठलाग तिथेच तुटतो.

रस्ता तर आणखी बेइमान. मुंबईत पाठलाग असेल तर मागची टॅक्सी बघा. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सीसेवेतून गेली. बेस्टची जुनी डिझेल डबल डेकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंद झाली. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ चा, वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ ची. सीएसटीचं नाव २०१७ मध्ये सीएसएमटी झालं. म्हणजे जुन्या शॉटमध्ये 'सीएसटी' आणि नव्या शॉटमध्ये 'सीएसएमटी' अशी पाटी दिसली की संपलं. खंडणीच्या बॅगेत जुन्या हजाराच्या नोटा असतील तर ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या गोष्टीत त्या रद्दी आहेत. नव्या शॉटसाठी शक्यतो अरुंद गल्ली, जिना, गोदाम, गच्चीचा कठडा अशा जागा निवडाव्यात. तिथे मागे शहराचं वय दिसत नाही.

संवादांत कायदा येतो, तिथे डबिंगने बरंच सावरता येतं. टाडा १९९५ मध्ये संपला, त्याच धर्तीचा पोटा २००२ ते २००४ एवढाच टिकला, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा २६/११ नंतर आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात खुनाचं कलम १०३ आहे, आणि 'तीनशे दोन' म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. 'तीन सौ दो लगा दूंगा' ही आरोळी आजच्या गोष्टीत ठेवली तर अधिकारी भलतंच कलम लावतोय असा अर्थ होतो. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर मात्र ती अगदी बरोबर आहे. गोळीबाराच्या दृश्यात सेटवरचा आवाज कामाचा नसतो, म्हणून अॅक्शन प्रसंगांचं डबिंग शेड्यूल संपताच उरकावं. चार वर्षांनी त्याच नटाचा आवाज जाड झालेला असतो, आणि कधी नटच हयात नसतो.

शेवटचा टप्पा सेन्सॉरचा. गुन्ह्याची पद्धत शिकवणारी दृश्यं नकोत, असं मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, त्यामुळे बॉम्ब जोडतानाचे क्लोजअप संकलनातच काढून टाकावेत. त्या जागी बघणाऱ्याचा चेहरा ठेवला तर ताण वाढतोच. श्वानपथकाचा कुत्रा दिसत असेल तर प्राणी कल्याण मंडळाची कागदपत्रं लागतात, आणि ती परवानगी शूटिंगच्या आधीची असावी लागते. २ ऑक्टोबर २०१२ आधी शूट केलेल्या सिनेमात इन्स्पेक्टर सिगारेट ओढत असेल तर आता त्या दृश्यांखाली इशारा हवा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य संदेश. आता यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमाचं प्रमाणपत्र, एकच राहिलेलं नाही. सिनेमा कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ आणि १६ असे वयाचे तीन गट केले. रक्तपाताची लांबी ठरवताना कोणता गट हवा हे आधी ठरवा, कारण टीव्हीचा व्यवहार त्यावर अवलंबून असतो.

आणि सालाची ती ओळ, 'मुंबई, २०११' किंवा जे असेल ते, सेन्सॉर मंडळाकडे कॉपी जाण्याआधीच पहिल्या दृश्यावर चढलेली असू द्या. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला कोणताही बदल मंडळाला कळवून नोंदवून घ्यावा लागतो, आणि तोवर प्रदर्शनाचा शुक्रवार हातातून जातो.