क्लोन अखेर एकटा उठला: सॅटावरून एनव्हीएमईकडे, पुढची नोंद

जुन्या, सॅटा जोडणीच्या हार्ड डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी नव्या, एनव्हीएमई जोडणीच्या डिस्कवर नेण्याचे (म्हणजे क्लोनिंगचे) काम मागच्या नोंदीत विंडोजच्या बिघाड सांगणाऱ्या निळ्या पडद्यापाशी अडकले होते. तो अडसर आता दूर झाला असून जुनी हार्ड डिस्क पूर्णपणे काढून ठेवल्यावरही विंडोज नव्या एनव्हीएमई डिस्कवरून सुरू होते. गाठ कुठे होती हे कळल्यावर उपाय दोन मिनिटांचा निघाला, पण ती गाठ सापडेपर्यंत पुरेपूर घाम निघाला.

कॉपीच्या टप्प्याबद्दल थोडक्यात सांगतो. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवरचे काही सेक्टर (साठवणीचे लहान तुकडे) वाचले जात नसल्यामुळे क्लोनझिला हे कॉपीचे साधन बाजूला ठेवून खराब डिस्कवरून माहिती वाचवणारे डीडीरेस्क्यू वापरले, आणि हा निर्णय योग्य ठरला. पहिल्या फेरीत त्याने अडणारा भाग तसाच सोडून बाकीचे सर्व उचलले. नंतर मॅपफाइलच्या (कोणता भाग वाचला, कोणता राहिला याच्या नोंदीच्या) आधारे डिस्कच्या शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी फेरी मारल्यावर राहिलेल्यांपैकी बरेचसे सेक्टरही हाती आले. मॅपफाइलमधल्या उणे चिन्हाच्या, म्हणजे न वाचल्या गेलेल्या भागांच्या, ओळी एकेक करून नाहीशा होताना पाहण्याची मजा या छंदात पडलेल्यांनाच कळेल. दोन्ही डिस्क थेट मदरबोर्डला जोडल्या होत्या. काही यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडण्याची साधने) ५१२ बाइटचा सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटचा म्हणून दाखवतात, जीपीटीचा (डिस्कवरच्या पार्टिशनांच्या तक्त्याचा) हेडर मात्र सेक्टर क्रमांक १ वर शोधला जातो. परिणामी डॉकमध्ये तयार केलेली डिस्क आत बसवली की कोरी दिसते. क्लोनिंगच्या कामात डॉक नकोच, हे माझे मत आता अधिकच पक्के झाले आहे.

नवी डिस्क १ टीबीची असल्यामुळे जीपीटीची जी राखीव प्रत अगदी शेवटच्या सेक्टरवर असायला हवी, ती साहजिकच डिस्कच्या मध्यावर राहिली होती. एसजीडिस्क या पार्टिशनच्या साधनाच्या ‘उणे ई’ या पर्यायाने ती जागेवर नेली.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. विंडोजचे बोधचिन्ह दिसायचे, त्याखालचे ठिपके काही क्षण फिरायचे आणि मग ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा यायचा. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो बीसीडी, म्हणजे विंडोज कुठून सुरू करायची याची नोंद, नव्याने बांधण्याचा. तोही करून पाहिला. बूटच्या फाइली असलेल्या ईएफआय पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर देऊन ती नोंद बांधणारे बीसीडीबूट चालवले, फाइली यशस्वीपणे तयार झाल्याचा संदेश आला आणि पुन्हा तोच निळा पडदा समोर उभा राहिला.

खरे तर लक्षणांकडे नीट पाहिले तर बीसीडीवर संशय घेण्याचे कारणच उरत नाही. बाइट न् बाइट कॉपीत डिस्कचा आणि पार्टिशनांचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) जसाच्या तसा येतो, त्यामुळे बीसीडीला हवे ते पार्टिशन सापडतेच. शिवाय बूट मॅनेजर आणि विनलोड (विंडोज मेमरीत चढवणारा प्रोग्राम) हे दोघेही डिस्क वाचण्यासाठी यूईएफआय फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेवा वापरतात. ठिपके फिरू लागले याचा अर्थ त्यांनी आपले काम पार पाडून सूत्रे कर्नलकडे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याकडे, सोपवली. त्यानंतर कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क गाठावी लागते, आणि नेमका इथेच धागा तुटत होता. जुन्या डिस्कसाठी एएचसीआयचा (सॅटाचा) ड्रायव्हर लागत असे, नवीसाठी स्टोरएनव्हीएमई लागतो. तो ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. प्रश्न एवढाच होता की तो वेळेवर का उठत नाही.

विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करून, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि रेजएडिटमध्ये नव्या डिस्कवरची ‘सिस्टिम’ हाइव्ह (रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्याची, एक फाइल) लोड केली. येथे एक सावधगिरी हवी: या वातावरणात दिसणारा ‘करंटकंट्रोलसेट’ (सध्या वापरातला सेटिंगचा संच) पेनड्राइव्हवरच्या विंडोजचा असतो. लोड केलेल्या हाइव्हमध्ये तो नसतोच, म्हणून ‘सिलेक्ट’ या कीमधील ‘करंट’चे मूल्य पाहून योग्य संच निवडावा लागतो. माझ्याकडे ते १ होते, म्हणजे ‘कंट्रोलसेट००१’. त्यातील स्टोरएनव्हीएमईच्या नोंदीत ‘स्टार्ट’ ० होते, म्हणजे बूटच्या वेळीच चालू. पण तिच्याखाली ‘स्टार्टओव्हरराइड’ नावाची उपकी होती आणि तिच्यात ३ हे मूल्य होते, म्हणजे मागणी आल्यावरच चालू. या यंत्रात एनव्हीएमई डिस्क कधी नव्हतीच, म्हणून विंडोजने बूटचा वेळ वाचवण्यासाठी हा ड्रायव्हर बाजूला बसवला होता आणि कॉपीने ती व्यवस्थाही इमानेइतबारे नव्या डिस्कवर आणली. ३ चे ० केले, हाइव्ह अनलोड केली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि लॉगिनचा पडदा आला!

हेच काम बीसीडीएडिटने एकदा सेफ मोडमध्ये बूट करूनही होते, आणि रजिस्ट्रीला हात लावायला कचरणाऱ्यांनी तोच मार्ग धरावा; नंतर सेफबूटचे मूल्य काढून टाकायला मात्र विसरू नये. फर्मवेअरमध्ये इंटेलचे व्हीएमडी (डिस्कचे नियंत्रण स्वतःकडे घेणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरच वेगळा लागतो, तेव्हा आधी ती सेटिंग तपासलेली बरी.

जुनी डिस्क त्याच यंत्रात साठवणीसाठी ठेवण्याचा माझा विचार होता. दोन्ही डिस्कचा जीयूआयडी सारखाच असल्यामुळे विंडोज त्यांपैकी एक ऑफलाइन करते. त्यावर एसजीडिस्कने जुन्या डिस्कचे जीयूआयडी बदलणे हा उपाय आहे, नव्या डिस्कचे बदलले तर बीसीडी पुन्हा बांधावे लागेल. पण हे लिहीत असतानाच लक्षात आले की वाचता न येणारे सेक्टर असलेल्या डिस्कवर आता काही लिहूच नये, कारण उरलेले सेक्टर मिळवण्यासाठी तीच एकमेव जागा आहे. त्यामुळे ती आहे तशी बाजूला राहील.

सी पार्टिशन वाढवण्याचे कामही पुढे ढकलले आहे, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आहे आणि आधी रीएजंटसी या विंडोजच्या कमांडने ते बंद करूनच हलवावे लागेल. त्याआधी उरलेले खराब सेक्टर कोणत्या फाइलींत आहेत हे शोधायचे आहे. मॅपफाइलमधील बाइटचे स्थान ५१२ ने भागायचे, त्यातून पार्टिशनचा आरंभीचा सेक्टर वजा करायचा आणि आलेला आकडा एनटीएफएसक्लस्टर या साधनाला द्यायचा, की फाइलचे नाव मिळते. ती यादी पुढच्या नोंदीत देईन.